नकाशा नाही, रिमोट नाही, तरी वाट सापडते. रोबो स्वतःचा स्वतः चालतो तरी कसा?

रत्नागिरी : मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या हंगामात सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलून बघितल्या जातात. घरट्यातली अंडी फुटली असतील तर टोपलीखाली ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वळवळताना दिसतात. तळहातावर मावतील एवढी. त्यांना किनाऱ्यावर नेऊन सोडलं की ती तोंड वळवतात आणि समुद्राकडे चालू लागतात. वाट दाखवायला कोणी नसतं. आई दीड-दोन महिन्यांपूर्वीच अंडी घालून परत गेलेली असते. तरी पिल्लं बरोबर पाण्यात जातात.

पिल्लाच्या डोक्यात समुद्राचा नकाशा नसतो. त्याला एवढंच कळतं की, जिकडे क्षितिज खाली आणि उजेड जास्त तिकडे जायचं, आणि जिकडे उंच व काळोखं दिसतं तिकडून लांब व्हायचं. रात्रीच्या वेळी उघडा समुद्र चांदण्यात उजळ दिसतो. मागची वाळूची टेकाडं, सुरूचं बन काळं दिसतं. म्हणून हा एक नियम पुरतो. पाण्यात शिरलं की दुसरा नियम सुरू होतो: येणाऱ्या लाटेकडे तोंड करून पोहत राहायचं. लाटा किनाऱ्याकडे येत असतात. त्यामुळे लाटेच्या समोर गेलं की आपोआप खोल पाण्यात जाता येतं.

स्वतःच्या स्वतः फिरणारे बरेच रोबो नेमके असेच चालवले जातात. सध्या गावोगावी मोबाईलवर 'एआय'ची चर्चा आहे. त्यामुळे रोबो म्हटलं की आत मोठा कॉम्प्युटर असणार आणि तो सगळा विचार करत असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात दोन-तीन साधे नियम नीट लावले तर खेळण्याएवढी गाडीसुद्धा न धडकता घरभर फिरू शकते. ही पद्धत आठवी-नववीच्या मुलांना घरी करून बघता येते. आणि उद्या कोणी 'स्वतः चालणारं' यंत्र विकायला आलं, तर त्याला काय विचारायचं हेही त्यातूनच कळतं.

तव्याचा चटका आणि पंपाचा ऑटो

गरम तव्याला बोट लागलं की हात झटकन मागे येतो. आधी हात येतो, 'भाजलं' हे नंतर कळतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. चटक्याचा निरोप मेंदूपर्यंत जाऊन परत येण्याची वाट बघितली जात नाही. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जूच हाताला मागे व्हायला सांगतो. विचार करत बसलो असतो तर बोट जास्त भाजलं असतं.

यंत्रातली प्रतिक्षिप्त क्रिया बघायची असेल तर विहिरीवर जा. पंपाच्या स्टार्टरला 'ऑटो' लावलेला असतो. लाईट आली की थोड्या वेळाने पंप आपोआप सुरू होतो. रात्री दोन वाजता लाईट आली तरी कोणाला उठून जावं लागत नाही. ऑटोला कुठल्या झाडाला किती पाणी हवं हे माहीत नसतं. त्याला एकच गोष्ट कळते, लाईट आली का? आली, तर पंप सुरू. घरावरच्या टाकीतला फ्लोट तसाच. पाणी वर आलं की बंद, खाली गेलं की चालू.

म्हणजे प्रतिक्षिप्त क्रियेत तीनच गोष्टी असतात. एक, काहीतरी ओळखणारा भाग, म्हणजे सेन्सर. दोन, 'असं झालं तर तसं कर' हा नियम. आणि तीन, काम करणारा भाग, म्हणजे मोटर. मधे नकाशा नाही, आठवण नाही, पुढचा बेत नाही. आत्ता समोर काय आहे, एवढंच.

आता पंपाच्या जागी चाकं लावा. झाला फिरणारा रोबो.

इंग्लंडमधली यंत्राची कासवं

गंमत अशी की जगातले असे पहिले नावाजलेले रोबोही कासवंच होती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या संस्थेत ग्रे वॉल्टर नावाचे शास्त्रज्ञ मेंदूवर संशोधन करत. १९४८-४९ मध्ये त्यांनी तीन चाकांची दोन छोटी यंत्रं बनवली. एकाचं नाव एल्मर, दुसऱ्याचं एल्सी. वर पाठीसारखं कवच आणि चाल हळू, म्हणून लोक त्यांना कासवं म्हणू लागले.

तेव्हा आजच्यासारख्या चिप नव्हत्या. जुन्या रेडिओत असायचे तसे फक्त दोन व्हॉल्व्ह प्रत्येक कासवात होते. उजेड ओळखणारा एक डोळा आणि कवचाला काही लागलं तर कळणारा एक स्विच, एवढेच सेन्सर. मोटरी दोन, एक चालायला आणि एक वळायला.

नियमही मोजकेच. उजेड दिसत नसेल तर डोळा फिरवत शोधत राहायचं. मध्यम उजेड दिसला की त्याच्याकडे जायचं. फार झगझगीत असेल तर तोंड फिरवायचं. कशाला धडकलं की थोडं ढकलायचं, वळायचं आणि सुटका करून घ्यायची.

त्यांच्यासाठी एक खोपटं केलं होतं. आत झगझगीत दिवा आणि बॅटरी चार्ज करण्याची सोय. बॅटरी भरलेली असताना कासव त्या दिव्यापासून लांब राही आणि बाहेर भटकत राही. बॅटरी उतरली की त्याला तोच झगझगीत दिवा मंद वाटू लागे, आणि ते आपसूक खोपट्यात शिरे. चार्ज झालं की दिवा परत झगझगीत वाटे आणि ते बाहेर पडे. बघणाऱ्याला वाटे, भूक लागली म्हणून घरी आलं. पण 'घर' ही गोष्ट त्याला माहीतच नव्हती.

ग्रे वॉल्टर यांना हेच दाखवायचं होतं. वागणं बघून आत फार मोठी अक्कल आहे असं वाटतं, पण तशी ती असतेच असं नाही. साधे नियम आणि भोवतालची परिस्थिती मिळून ते वागणं तयार होतं.

दोन डोळे, दोन चाकं

एक छोटी गाडी डोळ्यांसमोर आणा. पुढे दोन उजेड-सेन्सर, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या. मागे दोन मोटरी, डाव्या चाकाला एक आणि उजव्याला एक. सेन्सरवर जितका उजेड जास्त, तितकी त्याला जोडलेली मोटर जोरात फिरणार.

डावा सेन्सर डाव्या मोटरला आणि उजवा उजव्या मोटरला जोडला, तर काय होईल? दिवा डावीकडे असेल तर डावं चाक जोरात फिरेल. होडीत बसून डाव्या बाजूचंच वल्हं जोरात मारलं की होडी उजवीकडे वळते. तसंच इथेही. गाडी उजवीकडे वळून दिव्यापासून लांब पळेल, जणू उजेडाला घाबरली.

आता फक्त वायर तिरक्या करा. डावा सेन्सर उजव्या मोटरला, उजवा डाव्या मोटरला. दिवा डावीकडे असला की उजवं चाक जोरात फिरेल आणि गाडी दिव्याकडे वळेल. जवळ जाईल तसा उजेड वाढेल, तशी ती आणखी वेगाने दिव्यावर चालून जाईल.

सेन्सर त्याच, मोटरी त्याच. दोन वायरी बदलल्या आणि भित्री गाडी धावून जाणारी झाली. व्हॅलेंटिनो ब्रायटेनबर्ग या मेंदूशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये अशाच काल्पनिक गाड्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. रोबो शिकणारी मुलं आजही तिथूनच सुरुवात करतात.

शाळेतला पहिला रोबो : काळ्या रेषेवरची गाडी

विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसणारा रोबो म्हणजे लाईन फॉलोअर. पांढऱ्या कार्डशीटवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून वाट केलेली असते आणि गाडी त्या वाटेवरून वळणं घेत जाते. तोही प्रतिक्षिप्त क्रियेवरच चालतो.

गाडीच्या पोटाखाली पुढच्या बाजूला दोन आयआर सेन्सर असतात, रेषेच्या दोन बाजूंना एकेक. हा सेन्सर डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड खाली सोडतो आणि तो परत येतो का ते बघतो. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसाच हा उजेड. पांढरा कागद तो परत पाठवतो, काळी टेप गिळून टाकते. यावरून खाली काळं आहे की पांढरं, हे कळतं.

नियम फक्त चार :

– दोन्ही सेन्सरखाली पांढरं : रेषा मधे आहे, सरळ चल.
– डाव्या सेन्सरखाली काळं : गाडी उजवीकडे सरकली आहे. डावं चाक थांबव, उजवं चालू ठेव, म्हणजे गाडी डावीकडे वळेल.
– उजव्या सेन्सरखाली काळं : याच्या उलट.
– दोन्हीखाली काळं : आडवी पट्टी आली, थांब.

पुढे वळण आहे की चढ, वाट किती लांब, हे गाडीला माहीत नसतं. ती दर क्षणाला खाली बघते आणि चारपैकी एक नियम लावते. सेकंदाला शेकडो वेळा हेच चालतं, म्हणून लांबून बघणाऱ्याला गाडी सराईत वाटते.

साहित्यही फार नाही. आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड, मोटर ड्रायव्हर, गिअरच्या दोन पिवळ्या मोटरी, दोन चाकं, पुढे एक फिरतं चाक, दोन आयआर सेन्सर, बॅटरी आणि वायरी. ऑनलाईन किंवा शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे सगळं साधारण दोन हजारांच्या आत बसतं. खरं तर एवढ्याच कामासाठी आर्डुइनोचीही गरज नाही. सेन्सरच्या वायरी सरळ मोटर ड्रायव्हरला जोडूनही रेषेवरची गाडी चालते. पुढे नियम वाढवायचे असतील तर मात्र बोर्ड हवा.

पुढे अडथळा ओळखायला अल्ट्रासोनिक सेन्सर लावतात. पुढे दोन गोल डोळे दिसतात तो. वटवाघूळ जसं आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतं, तसंच याचं काम. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोर २० सेंटिमीटरवर भिंत असेल तर जाऊन-येऊन ४० सेंटिमीटर होतात, आणि त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचित जास्त वेळ लागतो. त्या वेळेवरून अंतर काढता येतं.

इथे मुलांची एक चूक नेहमी होते. प्रोग्राममध्ये 'एक सेकंद थांब' अशी आज्ञा टाकली जाते. त्या एका सेकंदात बोर्ड सेन्सरकडे बघतच नाही. गाडी आंधळी होते आणि नेमकी तेव्हाच धडकते. रिफ्लेक्सवर चालणाऱ्या रोबोला डोळे मिटायला परवानगी नाही, हे प्रोग्राम लिहिताना लक्षात ठेवावं.

दोन नियम भांडले तर कोणाचं ऐकायचं?

आता गाडीत दोन नियम झाले. एक म्हणतो, रेषेवरून पुढे चल. दुसरा म्हणतो, समोर अडथळा आहे, थांब. दोन्ही एकाच वेळी लागू झाले तर?

याचं उत्तरही विहिरीवर आहे. उन्हाळ्यात विहिरीत पाणी खाली जातं. लाईट आली म्हणून ऑटोने पंप सुरू केला आणि पंप कोरडाच फिरत राहिला, तर तो खराब होतो. म्हणून जाणकार शेतकरी ड्राय-रनचं संरक्षण बसवून घेतो. पंप पाणी ओढत नसेल तर मोटरला लागणारा करंट कमी होतो. त्यावरून ते ओळखतं आणि पंप बंद करतं. म्हणजे 'लाईट आली, सुरू कर' या नियमाच्या डोक्यावर 'पाणी नाही, बंद कर' हा नियम बसला. दोघांचं भांडण झालं तर वरच्याचं ऐकायचं.

रोबोतही अशीच उतरंड लावतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले रॉडनी ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये ही पद्धत व्यवस्थित मांडली. त्याआधी रोबो म्हणजे आधी बघा, मग जगाचा नकाशा तयार करा, मग बेत आखा आणि मग हला, असा प्रकार होता. कॅलिफोर्नियात १९६६ ते १९७२ या काळात बनवलेला शेकी नावाचा रोबो असाच चाले. तो मोठा टप्पा होता यात वाद नाही. पण नीट मांडून ठेवलेल्या खोलीतही त्याला पुढचं पाऊल ठरवायला बराच वेळ लागे. ब्रूक्स म्हणाले की माशी एवढा विचार करत नाही, तरी भिंतीवर आपटत नाही. मग त्यांनी रोबोत थर रचले. न धडकणं हा एक थर, भटकणं हा दुसरा, कुठेतरी जाणं हा तिसरा. प्रत्येक थर सेन्सर बघून आपलं काम करतो आणि गरज पडली तर दुसऱ्या थराला गप्प करतो. १९९० मध्ये त्यांनी एका लेखाला नाव दिलं, 'हत्ती बुद्धिबळ खेळत नाहीत'. हत्तीला बुद्धिबळ येत नाही म्हणून तो जंगलात उपाशी मरत नाही, असा त्याचा रोख.

त्याच वर्षी ब्रूक्स आणि त्यांच्या साथीदारांनी काढलेल्या आयरोबो कंपनीने २००२ मध्ये रुंबा नावाचा घर झाडणारा रोबो बाजारात आणला. आज शहरातल्या घरांत असे गोल, चपटे रोबो दिसतात. सुरुवातीच्या रुंबाकडे घराचा नकाशा नव्हता. गोल गोल फिर, भिंत लागली तर तिच्या कडेने जा, धडकलास तर वळ, असे त्याचे नियम. आणि या सगळ्यांच्या वर एक नियम, खालची जमीन दिसेनाशी झाली तर ताबडतोब मागे ये. त्यासाठी पोटाखाली आयआर सेन्सर असतात, आपल्या लाईन फॉलोअरसारखेच. त्यामुळे तो जिन्यावरून गडगडत नाही.

मोठ्या गोदामांत सामान वाहणारे आजचे रोबो नकाशा वापरतात, कुठला रस्ता जवळचा ते हिशेब करून ठरवतात. पण माणूस आडवा आला की थांबायचं, हे काम त्या हिशेबावर सोडलेलं नसतं. त्याला वेगळा सेन्सर आणि वेगळा, सगळ्यात वरचा नियम असतो. वरती कितीही हुशारी असली तरी खाली तव्याच्या चटक्यासारखी एक क्रिया ठेवावीच लागते.

पिल्लू चुकत नाही, जागा बदलते

हे सगळं वाचून वाटेल की साधे नियम लावले की काम झालं. तसं नाही. यातला धोकाही आपल्याच किनाऱ्यावर बघायला मिळतो.

कासवाच्या पिल्लाचा नियम लाखो वर्षं बरोबर ठरला, कारण रात्री समुद्राहून उजळ दुसरं काही नव्हतं. आता किनाऱ्यालगत रस्त्याचे दिवे आले, हॉटेलांचे दिवे आले, गाड्यांचे हेडलाईट आले. असा उजेड मागे असेल तर पिल्लं समुद्राकडे पाठ करून दिव्याकडे चालू लागतात. रस्त्यावर येतात, कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जातात, नाहीतर उन्हात सुकून मरतात. पिल्लाने नियम मोडलेला नसतो. ज्या जागेसाठी तो नियम होता, ती जागा बदललेली असते. म्हणूनच कासवं बघायला जाणाऱ्यांना टॉर्च आणि फ्लॅश लावू नका, असं सांगितलं जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासमध्ये २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन जे काम उभं केलं, त्यात अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवून पिल्लं हाताने किनाऱ्यावर नेऊन सोडली जातात. त्यामुळे पिल्लं भलतीकडे जाण्याची वेळ बरीचशी टळते.

रोबोचंही तसंच होतं.

वर्गात ट्यूबलाईटखाली झकास चालणारी रेषेवरची गाडी प्रदर्शनाच्या दिवशी मैदानात, मांडवाबाहेर ठेवली की वेडीवाकडी पळते. कारण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतो. सेन्सरला काळ्या टेपवरही उजेड आल्यासारखा वाटतो. मुलं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात, चूक तिथे नसतेच. सेन्सरवरचा छोटा स्क्रू फिरवून तो प्रत्यक्ष जागेवर सेट करावा लागतो आणि सेन्सरला सावलीची झडप करावी लागते.

अल्ट्रासोनिक सेन्सरला सपाट भिंत छान कळते. पण गवत, गोधडी, पोतं अशा मऊ वस्तू आवाज गिळतात, आणि तिरक्या फळीवरून आवाज भलतीकडे जातो. मग समोर अडथळा असूनही सेन्सर 'वाट मोकळी' असं सांगतो. घर झाडणाऱ्या रोबोला गडद काळा गालिचा किंवा काळी फरशी खड्ड्यासारखी वाटू शकते, कारण तिथूनही उजेड परत येत नाही. तो तिथे जातच नाही.

आणखी एक फजिती कोपऱ्यात होते. डावीकडे भिंत दिसली की उजवीकडे वळ, उजवीकडे दिसली की डावीकडे. हे दोनच नियम असलेली गाडी कोपऱ्यात अडकली की मान हलवत तिथेच राहते, बॅटरी संपेपर्यंत. तिला आठवण नाही, त्यामुळे आपण हेच शंभर वेळा केलं हे तिला कळत नाही. यावर उपाय साधा आहे. बराच वेळ अडकल्यासारखं झालं तर मागे ये आणि कुठल्याही एका बाजूला मोठं वळण घे, हा आणखी एक नियम वर टाकायचा.

लग्नात, जमीन मोजणीत आणि आता फवारणीलाही दिसणारा ड्रोन घ्या. बऱ्याच ड्रोनमध्ये एक क्रिया असते. बॅटरी उतरली किंवा रिमोटशी संपर्क तुटला की ठरलेल्या उंचीवर जायचं आणि उडालेल्या जागी सरळ परत यायचं. एल्सी कासवाचंच हे पुढचं रूप. पण ती उंची आधी माणसाने सेट केलेली असते. मोकळ्या माळावर २० मीटर पुरेल. आपल्याकडे मधे २५ मीटरचा माड उभा असेल तर ड्रोन नियम बरोबर पाळून माडात जाईल. समोरचा अडथळा ओळखणारा सेन्सर त्यात नसेल, तर दोष ड्रोनचा नाही. वाडीत उडवताना झाडांची उंची न बघणाऱ्याचा आहे.

मग विचार करणारा रोबो कधी लागतो?

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि प्रज्ञान रोव्हर बाहेर आला. २७ ऑगस्टला त्याच्यासमोर ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचा खड्डा आला. तेव्हा त्याला आल्या वाटेने परत फिरण्याची आज्ञा देण्यात आली आणि तो नव्या वाटेला लागला. चंद्रापर्यंत सिग्नल जायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो, त्यामुळे इथून बघून सांगणं शक्य होतं.

मंगळावर हे जमत नाही. तिथे सिग्नल जायलाच काही मिनिटं लागतात, अंतर जास्त असेल तेव्हा २० मिनिटांहून अधिक. इथून 'थांब' म्हणेपर्यंत गाडी दगडावर चढलेली असेल. म्हणून १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या सोजर्नर या छोट्या गाडीला कुठे जायचं हे पृथ्वीवरून सांगितलं जाई, पण मधला दगड ओळखून वळसा घालायचं काम तिचं तिने करायचं होतं.

यावरून कामाची वाटणी समजते. कुठे जायचं, कशासाठी जायचं, परत कधी यायचं, याला नकाशा आणि विचार लागतो. तो माणसाने केला काय किंवा कॉम्प्युटरने केला काय. पण न पडणं, न धडकणं, बॅटरी संपायच्या आत घरी येणं, ही कामं विचारावर सोडता येत नाहीत. तिथे प्रतिक्षिप्त क्रियाच हवी.

मुलांना कुठे शिकता येईल?

केंद्र सरकारच्या नीती आयोगाने २०१६ मध्ये अटल इनोव्हेशन मिशन सुरू केलं. त्यात सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांत अटल टिंकरिंग लॅब दिल्या जातात. देशभरात १० हजारांच्या आसपास शाळांना त्या मिळाल्या आहेत. सेन्सर, मोटरी, आर्डुइनोसारखे बोर्ड, थ्रीडी प्रिंटर असं साहित्य त्यात असतं. आपल्या किंवा जवळच्या शाळेत अशी लॅब आहे का, आणि असेल तर ती मुलांसाठी आठवड्यातून किती वेळ उघडते, हे पालकांनी मुख्याध्यापकांना जरूर विचारावं. कपाटात ठेवलेल्या सेन्सरने काही शिकता येत नाही.

इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या मुलांसाठी आयआयटी मुंबईचा ई-यंत्र हा उपक्रम आहे. त्याला केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचं पाठबळ आहे. कॉलेजांत रोबोटिक्सची लॅब उभारायला मदत करणं आणि दरवर्षी देशपातळीवर रोबोटिक्सची स्पर्धा घेणं ही त्याची मुख्य कामं. आयआयटीत प्रवेश नसलेल्या मुलांनाही तिथल्या माणसांकडून शिकता यावं, हा त्याचा फायदा.

लॅब नसली तरी अडत नाही. सुट्टीत दोन-तीन मुलांनी मिळून एक गाडी केली तर खर्च वाटला जातो. आधी नुसती सरळ चालवा, मग रेषेवर आणा, मग अडथळ्याचा नियम वर टाका. एका वेळी एकच नियम वाढवा आणि मागचा पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटी ती अंगणात, उन्हात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर चालवून बघा. खरं शिक्षण तिथेच होईल.

यंत्र विकायला आलं तर

शेतीसाठी स्वतः चालणारी यंत्रं आज ना उद्या आपल्याकडेही दाखवली जातील. व्हिडीओत ती सपाट, एकसारख्या शेतात चालताना दिसतात. आपल्याकडे कातळ आहे, डोंगरउताराचे चोंडे आहेत, कलमांच्या खाली पडलेल्या फांद्या आणि पालापाचोळा आहे, आणि जून ते सप्टेंबर पाऊस आहे. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, याला काय काय कळतं? म्हणजे सेन्सर कुठले, आणि चिखल, पाऊस, कडक ऊन यात ते चालतात का.

दुसरा, दोन गोष्टी एकदम झाल्या तर हे कोणाचं ऐकतं? पुढे मूल किंवा गुरू आलं तर बाकी सगळं सोडून थांबतं का.

तिसरा, याला काहीच कळेनासं झालं तर हे काय करतं? जागेवर थांबतं, परत येतं, की तसंच पुढे जात राहतं.

उत्तरं कागदावर नकोत. आपल्याच बागेत, आपल्याच उतारावर यंत्र चालवून दाखवायला सांगावं. किनाऱ्यावरच्या एका दिव्याने पिल्लं वाट चुकतात, हे या जिल्ह्याने बघितलं आहे. त्यामुळे यंत्र दुसरीकडे चाललं म्हणजे आपल्याकडे चालेलच, असं धरून चालू नये.